प्रोस्टेटचा पसरलेला कर्करोग : नवे औषध केव्हा सुरू करावे?

प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत किंवा दूरच्या लसिकाग्रंथींत पसरला की मुळापासून बरा होण्याची शक्यता फार थोडी उरते, पण तो वर्षानुवर्षे आटोक्यात ठेवता येतो. त्यासाठीची औषधे गेल्या दोन दशकांत एकापाठोपाठ एक आली आणि बहुतेकांची वाटचाल सारखीच झाली. आधी ती अखेरच्या टप्प्यातल्या, बाकी सारे उपाय थकलेल्या रुग्णांवर तपासली गेली. तिथे काही महिन्यांचा लाभ दिसला, तेव्हा तेच औषध आधीच्या टप्प्यात दिले तर काय होते हे पाहण्यासाठी नव्या चाचण्या निघाल्या. निदान झालेल्या पुरुषापुढे आणि त्याच्या घरच्यांपुढे आज हाच प्रश्न असतो : नवे औषध आत्ताच घ्यावे, की जुन्या उपचारावर काही काळ काढून रोग वाढल्यावर घ्यावे? याचे एकच उत्तर नाही. एका टप्प्यावर थांबणे म्हणजे हाती असलेली वर्षे सोडून देणे ठरते, दुसऱ्या टप्प्यावर घाई केल्याने रोग वाढण्याची तारीख पुढे जाते पण मृत्यूची जात नाही, आणि काही ठिकाणी पुरावा अजून गोळा होत आहे. या तिन्हींची गल्लत झाली की पैसा आणि वेळ दोन्ही चुकीच्या जागी खर्च होतात.

पाश्चात्त्य देशांत हा रोग बहुतेकदा पीएसए या रक्तचाचणीतून, काही त्रास होण्याआधीच पकडला जातो. भारतात निदानाच्या वेळीच रोग पसरलेला असण्याचे प्रमाण पुष्कळ जास्त आहे. नागपूर जिल्ह्यातल्या खापा या गावाचे उदाहरण घेता येईल. सावनेर तालुक्यातले, कन्हान नदीकाठचे हे नगरपरिषदेचे गाव नागपूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. हातमागाच्या विणकामासाठी ते जुन्या काळापासून ओळखले जाते आणि जवळच गुमगावची मँगनीजची खाण आहे. माग, खाण किंवा वावर यांत आयुष्य घालवलेल्या सत्तरीच्या पुरुषाची कंबर दुखू लागली तर त्यात कोणालाच नवल वाटत नाही. रात्री चार वेळा लघवीला उठणे वयाच्या खात्यात जमा होते. लघवी अडून नळी टाकावी लागते किंवा दुखणे झोपू देत नाही, तेव्हा नागपूर गाठले जाते, आणि पीएसए शेकड्यांत निघतो. अशा गावांत प्रश्न बहुधा त्याच्या सर्वांत स्पष्ट रूपात येतो : पहिल्याच दिवशी रोग हाडांत आहे, आता सुरुवात कशाने करायची?

या उपचारांचा पाया १९४१ चा आहे. शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवले की वृषणे काढली किंवा स्त्री-हॉर्मोन दिले तर पसरलेला प्रोस्टेट कर्करोग ओसरतो, कारण त्याची वाढ टेस्टोस्टेरॉनवर चालते. हगिन्स यांना यासाठी १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९८० च्या दशकात ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने आली आणि शस्त्रक्रियेविना टेस्टोस्टेरॉन खाली आणता येऊ लागले. दोन्ही मार्गांचा परिणाम सारखाच आहे. वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया एकदाच होते, स्वस्त पडते आणि तिने टेस्टोस्टेरॉन काही तासांत कोसळते. इंजेक्शन दर एक, तीन किंवा सहा महिन्यांनी घ्यावे लागते, आणि यांपैकी बहुतेक इंजेक्शनांनी सुरुवातीचे काही दिवस टेस्टोस्टेरॉन उलट उसळते. म्हणून त्या काळात बायकालुटामाइडसारखी गोळी जोडली जाते. डेगारेलिक्सने ही उसळी येत नाही.

लवकर की उशिरा हा वाद या जुन्या उपचाराबाबतही होऊन गेला आहे आणि त्याचा इतिहास आजही उपयोगी पडतो. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत मोठे प्रयोग झाले. त्यांत पाच मिलिग्रॅम स्त्री-हॉर्मोन लवकर घेणाऱ्यांचा कर्करोग मंदावला, पण हृदयविकाराने इतके जण गेले की एकूण लाभ पुसला गेला. त्यानंतर बराच काळ त्रास होईपर्यंत थांबण्याचा सल्ला दिला जात असे. मग १९९७ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ९३८ पुरुषांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपचार लांबवलेल्या गटात मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब येणे आणि मूत्रवाहिनी तुंबणे हे प्रकार जवळपास दुप्पट झाले होते. औषध कर्करोगावर चालते का, एवढेच विचारून भागत नाही हे पहिल्या प्रयोगाने शिकवले. थांबण्याची किंमत आयुष्याच्या लांबीत दिसली नाही तरी लुळ्या पडलेल्या पायांत दिसू शकते, हे दुसऱ्याने शिकवले. हाडांत रोग असताना टेस्टोस्टेरॉन दाबणे लांबवू नये, याबद्दल आता फारसे दुमत नाही.

खरा बदल २०१५ नंतरचा आहे. तोवर पसरलेल्या रोगात फक्त टेस्टोस्टेरॉन दाबले जाई आणि दीड-दोन वर्षांनी रोगाने दाद देणे थांबवले की पुढचे औषध निघे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार्टेड या अमेरिकी चाचणीत ७९० पुरुषांपैकी निम्म्यांना सुरुवातीलाच डोसेटॅक्सेल या केमोथेरपीचे सहा डोस देण्यात आले. त्यांचे मध्यक आयुर्मान ५७.६ महिने भरले, तर फक्त हॉर्मोन-उपचार घेतलेल्यांचे ४४. लाभ मुख्यतः रोगाचा भार जास्त असलेल्यांना झाला, म्हणजे यकृत-फुप्फुसात रोग असलेल्यांना, किंवा हाडांत चार वा अधिक जागी आणि त्यांतली किमान एक कणा व कटिभाग यांच्या बाहेर असलेल्यांना. २०१७ मध्ये ॲबिराटेरोन या गोळीवरच्या दोन चाचण्या एकदम आल्या. लॅटिट्यूड चाचणीत ॲबिराटेरोन घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान अखेरीस ५३.३ महिने निघाले, न घेणाऱ्यांचे ३६.५. ब्रिटनच्या स्टॅम्पीड चाचणीत तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८३ आणि ७६ टक्के होते. पुढे एन्झालुटामाइड, अपालुटामाइड आणि डॅरोलुटामाइड यांचेही निष्कर्ष त्याच दिशेने आले.

या आकड्यांशी थोडे थांबायला हवे. हेच ॲबिराटेरोन २०११ मध्ये, केमोथेरपीही निकामी झालेल्या रुग्णांत तपासले गेले, तेव्हा आयुर्मान १०.९ वरून १४.८ महिन्यांवर गेले होते. एकच औषध उशिरा दिले तर चार महिने, लवकर दिले तर जवळपास सतरा महिने. यात जादू नाही. मृत्यूचा धोका दोन्हीकडे साधारण चतुर्थांश ते एक तृतीयांश इतकाच घटतो, पण पुढे उरलेले आयुष्य जेवढे लांब, तेवढा तोच वाटा मोठा भरतो. आक्षेप असा घेता येतो की लॅटिट्यूडच्या तुलना-गटातल्या अनेकांना पुढेही हे औषध मिळाले नाही, त्यामुळे ती तुलना लवकर आणि उशिरा यांची नसून देणे आणि न देणे यांचीच ठरते. आक्षेपात तथ्य आहे. तरी स्टॅम्पीडच्या तुलना-गटात अनेकांना रोग वाढल्यावर आयुष्य वाढवणारी औषधे मिळाली होती आणि तो गट मागेच राहिला. शिवाय प्रत्यक्ष व्यवहारात, ‘पुढे देऊ’ म्हणून राखून ठेवलेले औषध अनेकांपर्यंत कधीच पोचत नाही. मधल्या काळात प्रकृती ढासळते, पैसा संपतो किंवा फेऱ्यांना कंटाळून माणूस येणेच बंद करतो. नागपूरपासून ३५ किलोमीटरवर राहणाऱ्याच्या बाबतीत हा मुद्दा तिथेच राहणाऱ्यापेक्षा जास्त वजनाचा आहे.

म्हणून पहिल्याच निदानात रोग पसरलेला असेल आणि शरीराला झेपत असेल, तर टेस्टोस्टेरॉन दाबण्याबरोबर दुसरे औषध सुरुवातीपासून जोडावे, ही आजची सर्वमान्य दिशा आहे. या टप्प्यावर थांबण्याच्या बाजूने फार थोडे बोलता येते : अतिशय थकलेले शरीर, दुसऱ्या एखाद्या आजाराने आधीच आखडलेले आयुष्य, किंवा माहिती घेऊन दिलेला रुग्णाचा स्पष्ट नकार. एवढे असूनही अमेरिकेतल्या नोंदींत निम्म्याहून अधिक पुरुषांना कित्येक वर्षे फक्त हॉर्मोन दाबण्याचेच उपचार मिळत राहिले होते. लहान गावांतल्या रुग्णांचे मोठे नुकसान हे दुसरे औषध न जोडल्याने होते, सर्वांत महागडे औषध न मिळाल्याने नव्हे.

दोन औषधांऐवजी तीन द्यावीत का, हा पुढचा प्रश्न. २०२२ मध्ये आलेल्या अरासेन्स चाचणीत १३०६ रुग्ण होते. टेस्टोस्टेरॉन दाबणे आणि डोसेटॅक्सेल यांच्या जोडीला डॅरोलुटामाइड दिल्याने मृत्यूचा धोका ३२ टक्क्यांनी घटला. पीस-वन या युरोपीय चाचणीत ॲबिराटेरोनबाबतही तसेच दिसले. पण या चाचण्यांत गोळी जोडण्याचा लाभ तपासला होता, गोळी घेणाऱ्याला केमोथेरपी जोडण्याचा नव्हे. साठीच्या आतबाहेरचा, धडधाकट आणि रोगाचा भार मोठा असलेला पुरुष तीन औषधांचा विचार करू शकतो. भार कमी असेल तर डोसेटॅक्सेलच्या नादी लागण्याचे सबळ कारण नाही. अशा रुग्णासाठी एक वेगळा, बराच स्वस्त लवकरचा उपाय आहे : प्रोस्टेटवरच किरणोपचार. स्टॅम्पीडच्या २०१८ च्या निष्कर्षांत रोगाचा भार कमी असलेल्यांत किरणोपचाराने तीन वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण ७३ वरून ८१ टक्क्यांवर गेले. भार जास्त असलेल्यांत फरक पडला नाही. किरणोपचाराची यंत्रे नागपुरात अनेक वर्षांपासून आहेत आणि हा उपचार काही आठवड्यांत संपतो.

खर्चाची बाजू भारतात काहीशी अनुकूल आहे. एन्झालुटामाइडच्या पेटंटचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने २०१६ मध्ये फेटाळला. ॲबिराटेरोनही अनेक भारतीय कंपन्या बनवतात आणि २०१९ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मूळ कंपनीच्या परदेशी किमतीच्या लहानशा भागात ही औषधे इथे मिळतात. ॲबिराटेरोनबाबत आणखी एक सोय आहे. रिकाम्या पोटी १००० मिलिग्रॅम घेण्याऐवजी २५० मिलिग्रॅम जेवणाबरोबर घेतले तरी औषध पुरेसे शोषले जाते. २०१८ च्या, ७२ रुग्णांच्या एका चाचणीत पीएसएवरचा परिणाम दोन्ही गटांत तुल्य दिसला. चाचणी लहान होती, ती पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांवर झाली आणि तिने आयुर्मान मोजले नाही, हे खरे आहे. तरी पूर्ण मात्रा परवडत नाही म्हणून औषधच सोडणाऱ्या माणसासाठी चौथाई मात्रा कितीतरी चांगली. मात्र हा बदल डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा. १००० मिलिग्रॅमची मात्रा जेवणाबरोबर घेतली तर रक्तातले प्रमाण कित्येक पटींनी वाढते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी येतात आणि संरक्षण आता कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत आहे. रोजच्या गोळीचे गणित वेगळे असते, कारण ती वर्षानुवर्षे चालते. नेमके कोणते औषध योजनेत बसते हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लेखी विचारून घ्यावे. मॉइलच्या मँगनीज किंवा वेकोलिच्या कोळसा खाणीत नोकरी केलेल्यांनी कंपनीची वैद्यकीय योजना निवृत्तीनंतर लागू आहे का, हेही पाहावे. तपासण्या आणि उपचारांसाठी खाप्याच्या रुग्णापुढे नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल), राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि मिहानमधले एम्स असे पर्याय आहेत. दुसरे मत घेण्यासाठी मुंबई गाठलीच पाहिजे असे नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील तज्ज्ञांचे मत ‘नव्या’ या सेवेतून कागदपत्रे पाठवून मिळू शकते.

दुसरा प्रसंग अगदी वेगळा आहे. प्रोस्टेट काढले किंवा किरणोपचार झाले, काही वर्षे बरी गेली, आणि आता पीएसए हळूहळू चढतो आहे. स्कॅनमध्ये काही नाही, माणसाला काही होत नाही. इथे घाबरून औषध सुरू करणे आणि दुर्लक्ष करणे, दोन्ही चुकीचे ठरू शकते. पीएसए किती आहे यापेक्षा तो दुप्पट व्हायला किती महिने लागतात याला महत्त्व आहे. दुप्पट व्हायला वर्षाहून बराच अधिक काळ लागत असेल तर अनेक पुरुष काहीही न घेता वर्षानुवर्षे चांगले राहतात. प्रोस्टेट काढलेल्या पुरुषाच्या बाबतीत तर आधी किरणोपचाराची संधी उरली आहे का हे पाहायचे असते, कारण तिथे रोग पूर्ण बरा होण्याची शक्यता अजून असते आणि पीएसए कमी असतानाच ती जास्त असते. दुप्पट होण्याचा काळ नऊ महिने किंवा त्याहून कमी असलेल्या १०६८ पुरुषांवरची एम्बार्क चाचणी २०२३ मध्ये आली. एन्झालुटामाइड आणि ल्युप्रोलाइड एकत्र घेणाऱ्यांपैकी ८७.३ टक्के पाच वर्षांनी रोग न पसरता हयात होते, नुसते ल्युप्रोलाइड घेणाऱ्यांपैकी ७१.४ टक्के. २०२५ मध्ये आयुर्मानाचे आकडेही आले : आठ वर्षांनी ७८.९ आणि ६९.५ टक्के. या चाचणीतली चांगली गोष्ट अशी की पीएसए ०.२ च्या खाली गेलेल्यांचा उपचार ३७ व्या आठवड्यात थांबवला गेला आणि पीएसए पुन्हा चढल्यावरच सुरू झाला. आधी घेतलेले औषध म्हणजे जन्मभर घेतलेले औषध, असे होत नाही.

स्टॅम्पीडने २०२२ मध्ये आणखी एक गट वेगळा दाखवला. रोग अजून दूर पसरलेला नाही, पण लसिकाग्रंथींत आहे किंवा अतिशय आक्रमक आहे, अशा पुरुषांना किरणोपचाराबरोबर दोन वर्षे ॲबिराटेरोन दिले तर सहा वर्षांनी रोग न पसरता हयात असलेल्यांचे प्रमाण ६९ वरून ८२ टक्के झाले. इथे औषध ठरलेल्या मुदतीनंतर बंद होते आणि अनेकांना पुन्हा कधी लागत नाही. तरुण रुग्णासाठी लवकरच्या उपचाराचा सर्वांत फायदेशीर सौदा कदाचित हाच आहे.

सध्या सर्वांत जास्त चर्चा ल्युटेशियमची आहे. प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवर पीएसएमए नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात असते. त्याला चिकटणाऱ्या रेणूला गॅलियम-६८ जोडून पेट स्कॅन केला की रोग कुठे कुठे आहे ते दिसते. त्याच जातीच्या रेणूला ल्युटेशियम-१७७ जोडून शिरेतून दिले की किरणोत्सर्ग पेशीपाशीच जाऊन पडतो. त्याचे बीटा कण शरीरात फार तर दोनेक मिलिमीटर जातात आणि अर्धायुष्य साधारण साडेसहा दिवसांचे असते. साधारणपणे सहा आठवड्यांच्या अंतराने सहा डोसांपर्यंत उपचार चालतो. भारतात ल्युटेशियम-१७७ तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते, त्यामुळे अनेक केंद्रांना ते देशातूनच मिळते. तरीही पूर्ण उपचाराचा खर्च लाखांत जातो.

२०२१ च्या व्हिजन चाचणीत, नवी हॉर्मोन-गोळी आणि केमोथेरपी दोन्ही घेऊन झालेल्या ८३१ पुरुषांत ल्युटेशियमने आयुर्मान ११.३ वरून १५.३ महिन्यांवर नेले. त्या टप्प्यावर त्याची जागा पक्की आहे. वाद आहे तो केमोथेरपीच्या आधी देण्याबद्दल. पीएसएमएफोर चाचणीत एक हॉर्मोन-गोळी निकामी झालेल्या, पण केमोथेरपी न घेतलेल्या पुरुषांना ल्युटेशियम दिले तेव्हा स्कॅनवर रोग वाढेपर्यंतचा काळ सुमारे ५.६ वरून ११.६ महिने झाला. याच आधारावर अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये वापराची परवानगी विस्तारली. आयुर्मानात मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. समर्थक म्हणतात की तुलना-गटातल्या बहुतेकांना रोग वाढल्यावर ल्युटेशियमच मिळाले, मग फरक दिसणार कसा? हे बरोबर आहे, पण या उत्तरातच दुसरी गोष्ट कबूल होते : थोडे थांबून घेतलेल्यांचे आयुष्य जवळपास तेवढेच राहिले. शिवाय तुलना-गटाला एका हॉर्मोन-गोळीऐवजी दुसरी दिली होती आणि ही अदलाबदल फारशी चालत नाही हे आधीच ठाऊक होते. खरा प्रतिस्पर्धी केमोथेरपी होता. ऑस्ट्रेलियातल्या थेरा-पी चाचणीत २०० पुरुषांत ल्युटेशियम आणि कॅबाझिटॅक्सेल समोरासमोर आले. ल्युटेशियमने पीएसए जास्त जणांचा उतरला आणि त्रास कमी झाला, आयुर्मान मात्र सारखेच निघाले.

म्हणून केमोथेरपीच्या आधी ल्युटेशियम घेण्याचे चांगले कारण आयुष्य वाढवणे हे नसून केमोथेरपीचा त्रास टाळणे हे आहे. ज्याला डोसेटॅक्सेल झेपणार नाही किंवा नको आहे, त्याच्यासाठी हे कारण पुरेसे आहे. पण ‘आत्ता नाही घेतले तर वेळ निघून जाईल’ या भीतीने वावर विकण्याइतका पुरावा या टप्प्यावर नाही. हॉर्मोन-उपचाराला दाद देणाऱ्या रोगात पहिल्याच दिवशी ल्युटेशियम जोडण्याची चाचणी, पीएसएमए-ॲडिशन, २०२५ मध्ये मांडली गेली. रोग वाढण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला, आयुर्मानाचे आकडे अजून पिकलेले नाहीत. ज्या पुरुषापुढे चार-पाच वर्षांचे आयुष्य आहे, त्याला सुरुवातीलाच सुकलेले तोंड आणि मज्जा व मूत्रपिंडावरचा किरणोत्सर्गाचा भार द्यायचा का, याचे उत्तर त्या आकड्यांशिवाय देता येणार नाही. तोंड कोरडे पडणे ऐकायला किरकोळ वाटते. व्हिजनमध्ये ते ३९ टक्के पुरुषांना झाले, आणि कोरड्या तोंडाने भाकरी गिळणे हे रोजचे काम होऊन बसते.

ज्यांच्यात बीआरसीए जनुकाचा दोष आहे, त्यांच्यासाठी ओलापॅरिब, टालाझोपॅरिब यांसारख्या गोळ्या आहेत आणि त्या आधीच्या टप्प्यात देण्याचे पुरावे वाढत आहेत. दोष नसलेल्याला त्या लवकर देण्यात लाभ कमी आणि रक्तक्षय जास्त. म्हणून जनुकतपासणी लवकर व्हावी. तिचा उपयोग मुलांना आणि मुलींनाही होतो, कारण हाच दोष स्तन आणि बीजांडाच्या कर्करोगाशी जोडलेला आहे.

औषध निवडताना शरीराचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. ॲबिराटेरोनबरोबर प्रेडनिसोलोन घ्यावे लागते. रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते, यकृताच्या चाचण्या बिघडू शकतात आणि मधुमेह हाताबाहेर जाऊ शकतो. म्हणून पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी रक्त तपासण्याची शिस्त आहे, आणि ही तपासणी सावनेरलाही होऊ शकते. एन्झालुटामाइडने थकवा येतो, तोल जातो, क्वचित झटका येतो. एकट्याने शेताच्या वाटेने फिरणाऱ्या वृद्धासाठी पडणे हा मोठा धोका आहे. डॅरोलुटामाइड मेंदूत कमी शिरते. टेस्टोस्टेरॉन दाबल्याने हाडे ठिसूळ होतात, स्नायू झडतात, अंगातून गरम वाफा येतात, कामेच्छा जाते. शेवटची गोष्ट घरात आणि दवाखान्यात दोन्हीकडे न बोलता सोडून दिली जाते. ती उपचार सुरू करण्याआधी पतिपत्नी दोघांना सांगायला हवी. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रोज चालणे पहिल्या दिवसापासून हवे.

निदान पक्के करण्यातही भारतात एक सावधगिरी लागते. मणक्याचा क्षयरोग हाडांतल्या कर्करोगासारखा दिसू शकतो, आणि पीएसएमए पेट स्कॅनमध्येही क्षयाच्या गाठी उजळल्याच्या नोंदी आहेत. पीएसए फारसा चढलेला नसताना स्कॅनवर एक-दोनच ठिपके दिसत असतील तर जन्मभराचा उपचार सुरू करण्याआधी त्या जागेचा तुकडा तपासण्याचा आग्रह धरणे योग्य.

निर्णय कोणी घ्यायचा, हा प्रश्न वैद्यकीय पुस्तकांत थोडक्यात येतो, पण घराघरांत तो सर्वांत अवघड असतो. ‘बाबांना सांगू नका’ असे मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगतो, आणि मग मुलगा, जावई आणि डॉक्टर मिळून सत्तर वर्षांच्या माणसाच्या उरलेल्या वर्षांचे ठरवतात. त्यामागची माया खरी आहे. पण रोज गोळी त्याला घ्यायची असते, थकवा त्याला सोसायचा असतो आणि दोन वर्षे जास्त की दोन वर्षे मोकळी, याचे उत्तर त्याच्याखेरीज कोणाजवळ नसते. ज्याला रोगाचे नावच ठाऊक नाही, तो पाय जड पडल्यावर ते सांगण्याचीही निकड ओळखत नाही. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मोजके आहेत : हे औषध आत्ता घेतल्याने आयुष्य वाढते की फक्त रोग वाढण्याची तारीख पुढे जाते? थांबलो तर हेच औषध पुढे घेता येईल का? सहा महिन्यांचा एकूण खर्च, फेऱ्या धरून, किती? आणि चालत नसेल तर ते कधी आणि कशावरून कळेल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी नेमके देता येते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, नव्या गोळ्या येण्याच्या आधीच्या काळात, सात महिन्यांच्या हॉर्मोन-उपचारानंतर पीएसए ०.२ किंवा त्याखाली आलेल्यांचे मध्यक आयुर्मान ७५ महिने होते. पीएसए ०.२ ते ४ दरम्यान असलेल्यांचे ४४ महिने, आणि चारच्या वर राहिलेल्यांचे अवघे १३. म्हणून सहा-सात महिन्यांचा आकडा हा पुन्हा विचार करण्याचा टप्पा समजला जातो. पीएसए तळाला गेला असेल तर आणखी औषध जोडण्याची घाई नको. तो वर अडला असेल तर पुढचा उपाय, ल्युटेशियमसह, लवकर विचारात घ्यायला तिथे सबळ कारण मिळते.

थांबायचे ठरले तर तेही आखून थांबावे लागते. पीएसए दर तीन महिन्यांनी, एकाच प्रयोगशाळेत. दोन आकडे चढते दिसले तर स्कॅन. पीएसए न चढताही दुखणे वाढले किंवा वजन उतरले तरी स्कॅन, कारण काही आक्रमक रोगांत पीएसए फारसा वाढतच नाही. आणि पाठीत नवी, आडवे झाल्यावर वाढणारी कळ, पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी नागपूर गाठून एमआरआय करून घ्यावा लागतो. मज्जारज्जूवर दाब आलेला असताना माणूस चालत असेपर्यंत स्टेरॉइड, किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक जण पुढेही चालतात. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येण्याची शक्यता फार कमी असते.